आरोपी होण्यापूर्वी

सुशिक्षित आणि सुस्थितीतील घरांमध्ये काही विषय निघू नयेत असा एक अलिखित संकेत असतो. आजारपण, कर्ज, मुलामुलींची लग्ने, इतकेच नव्हे तर मृत्युपत्रसुद्धा आमच्याकडे जेवणाच्या पंगतीला निघते. परंतु तुरुंग हा शब्द निघाला की वाढणारीचा हात थबकतो. तुरुंगात गेलेली बाई म्हणजे आपल्यातली नव्हे, आपल्या ओळखीपाळखीतली तर नव्हेच नव्हे, अशी एक खात्री आपण मनाशी बाळगून असतो. ती खात्री कितपत खरी आहे, आणि खरी नसेल तर आपल्यासारख्या गृहस्थी माणसांकडे कोणते कर्तव्य येते, हे वाचकांपुढे, विशेषेकरून वाचकभगिनींपुढे, मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शाळेच्या नोकरीतून मोकळी झाल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका म्हणून मी नाव नोंदविले. कायद्याचे शिक्षण मला नाही. परंतु चाळीस वर्षे मुलांचे निबंध तपासल्यामुळे चार ओळींचा अर्ज नीट लिहिता येतो, आणि तुरुंगात त्याच गोष्टीचा तुटवडा फार असतो. गेली सहा वर्षे आठवड्यातून एकदा मी आमच्या जिल्ह्याच्या तुरुंगातील स्त्रियांच्या बराकीत जाते. कोणाला वकील हवा असतो, कोणाला आईला पत्र पाठवावयाचे असते, कोणाच्या मुलाच्या शाळेचा दाखला अडलेला असतो. जे सांगतील ते ऐकावे व कागदावर उतरवावे, हे माझे काम.

या कामात एक गोष्ट प्रथमपासून माझ्या ध्यानात येऊ लागली. अर्जाच्या नमुन्यात गुन्ह्याच्या तारखेचा एक रकाना असतो. तो भरण्यासाठी मी विचारते, ‘‘केव्हा घडलं हे, बाई?’’ आणि उत्तर येते, ‘‘लगीन झालं तवापासनं.’’ हे उत्तर मी एकदा नव्हे, अनेकींच्या तोंडून ऐकले आहे. सरकारी कागदाला एक तारीख हवी असते आणि बाईला नऊ वर्षे सांगावयाची असतात. रकान्यात अखेर तारीखच लिहिली जाते, आणि नऊ वर्षे रकान्याबाहेर राहतात.

ज्यांना आपण सरसकट गुन्हेगार म्हणतो त्यांत माझ्या पाहण्यात नाना परीच्या बायका आल्या. नवऱ्याने चोरीचा माल आणून माळ्यावर ठेवला, विचारल्यास मारील म्हणून जिने विचारलेच नाही, ती मालासकट धरली गेली. नवऱ्याने दारूच्या भट्टीवर बसविलेली एक; धाड आली तेव्हा तो मागल्या दाराने गेला आणि ही पुढल्या दारात सापडली. माराला कंटाळून घर सोडताना सासूच्या पेटीतील दागिने उचलणारी एक. त्यांत तिचे स्वतःचे स्त्रीधनही होते, पण ती चोर ठरली. आणि शेवटी ती, जिने एके रात्री स्वतःला वा लेकराला वाचविण्यासाठी हाताला येईल ते उचलले आणि मारणारा मेला. सुनेच्या छळाच्या आणि हुंडाबळीच्या आरोपाखाली आलेल्या सासवा व नणंदाही तेथे आहेत, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यांतल्याच एका म्हातारीने आपल्या दंडावरील डागाची खूण मला दाखविली. तो डाग तिच्या सासूने पन्नास वर्षांपूर्वी उलथन्याने दिलेला होता. छळ हा आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीसारखा एका हातातून दुसऱ्या हातात उतरत येतो. या सर्वच बायका निर्दोष आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. दोष कोणाचा किती हे न्यायासनाने ठरवावे. माझे म्हणणे एवढेच की, आरोपी होण्यापूर्वी यांतील कितीतरी जणी पीडित होत्या, आणि त्या वेळी त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

आकडे पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ३० जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या अवघ्या शेकडा १४ होत्या. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही आपली म्हण त्या पाहणीने जणू मोजून दाखविली. दुसरीकडे, देशातील एकंदर कैद्यांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा ४ च्या आसपास आहे. संख्या थोडी, म्हणून व्यवस्थाही थोडी. पुष्कळ ठिकाणी पुरुषांच्या इमारतीच्या कडेला काढून दिलेले एक आवार, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. सर्व कैद्यांपैकी शेकडा ७० हून अधिक कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा आहे असे.

कोणी म्हणेल, हे सारे खरे असले तरी या बायका आपल्या घरांतल्या नव्हेत. तसे म्हणणाऱ्यांनी फार मागे नव्हे, पणजीच्या पिढीच्या थोडे पलीकडे पाहावे. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते कोणासाठी? मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी. त्याआधी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा एका सुखवस्तू घरी स्वयंपाकास होती. एका शास्त्र्याच्या नादाने फसून ती गरोदर राहिली. गर्भ पडेना, म्हणून झालेले मूल मारून तिने विहिरीत टाकले. तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानास पाठविण्यात आले. ही हकीकत खुद्द जोतीरावांनी लिहून ठेविली आहे. अंदमानास गेली ती मात्र एकटीच गेली. पुढे १८७४ साली त्याच अवस्थेत सापडलेल्या दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेला त्या गृहाचे दार उघडे सापडले. तिच्या मुलास फुले दांपत्याने दत्तक घेतले; तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रोग्यांच्या सेवेस उभा राहिला. दोघींचे दुःख एक, दोघींची जात एक, दोघींना छळणारी रूढी एक. फरक होता तो वेळेवर उघडलेल्या एका दाराचा. १८८१ साली सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला अशाच बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. आणि त्या बाईवर वृत्तपत्रांतून जी आग पाखडली गेली तिच्याच संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. तेव्हा तुरुंगातली बाई ही आपली कोणी नव्हे हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. आपण तिला विसरलो, एवढेच खरे.

आपल्याकडे सासुरवाशिणीच्या छळाचे शेवटचे दार म्हणजे परसातली विहीर. मूल मागे ठेवले तर त्याचे हाल होतील म्हणून त्याला पोटाशी धरून आई उडी टाकते. कधी मूल जाते आणि आई वाचते. मग तिच्यावर खुनाचा आरोप येतो. या विहिरीकडे न्यायालयांनी कसे पाहिले ते जाणण्यासारखे आहे. १९४० साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले. नवऱ्याच्या माराला भिऊन सहा महिन्यांचे मूल घेऊन घरातून निघालेल्या एका बाईला मागून नवरा येताना दिसला आणि घाबरून तिने विहिरीत उडी टाकली. न्यायालयाने हा खून नव्हे, कमी प्रतीचा मनुष्यवध आहे असे ठरविले, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाच्या आरोपातून तर तिला साफ सोडले; कारण ती मरणाकडे धावत नव्हती, नवऱ्यापासून पळत होती. १९५३ साली मध्य भारताच्या उच्च न्यायालयाने मात्र तीन मुलांसह विहिरीत पडलेल्या बाईचे कृत्य खूनच मानले. पुढे १९८९ साली मद्रासच्या उच्च न्यायालयाने नवा विचार पुढे केला. कायदा ज्याला गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ म्हणतो तो दर वेळी विजेसारखाच येतो असे नाही. वर्षानुवर्षे साठत साठत तो एके दिवशी काठोकाठ भरतो, असे मानून त्याने एका आईचा गुन्हा खाली आणला. लंडनमध्ये १९९२ साली किरणजीत अहलुवालिया या पंजाबी बाईची खुनाची शिक्षा रद्द झाली तीही दहा वर्षांच्या छळाने तिच्या मनाची काय दशा झाली होती हे वरिष्ठ न्यायालयापुढे पुराव्याने आले तेव्हाच. आणि ते पुढे येण्यास साउथॉल येथील भगिनींच्या संस्थेने केलेली खटपट कारणीभूत झाली. २०१३ साली गौहाटीच्या उच्च न्यायालयानेही रोजच्या मारहाणीचा असा विचार करून एका स्त्रीचा खुनाचा आरोप कमी केला. शिवाय आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मनस्तापात होती असे गृहीत धरण्याचा दंडक २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने घातला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या न्याय संहितेत त्या प्रयत्नाबद्दलचे जुने शिक्षेचे कलमच ठेविलेले नाही.

म्हणजे न्यायासनाला आता विहिरीआधीची नऊ वर्षे पाहता येतात. परंतु न्यायासन कागदावर आलेले पाहते. कागदावर न आलेले त्याने कसे पाहावे? येथेच आपल्या आजच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठे छिद्र आहे.

आज छळ होत असलेल्या बाईसाठी सरकारदरबारी एक दार आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी दिले. २०१५ पासून ‘सखी’ केंद्रे निघाली. १८१ हा दूरध्वनी आहे. आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात सुरू केलेल्या विशेष कक्षाचा विस्तार पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत झाला. आरोपी बाईसाठी दुसरे दार आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीतील कोणाही माणसाला फुकट वकील मिळतो. दोन्ही दारे चांगली आहेत. पण त्यांच्यामध्ये वाट नाही. पहिल्या दाराशी काल जिची कैफियत घेतली तीच बाई आज आरोपी म्हणून दुसऱ्या दारातून आत गेली की पहिल्या दाराशी असलेली माणसे तिला ओळखेनाशी होतात. वस्तुतः कायद्यात असे कोठेही लिहिलेले नाही. छळ सोसलेली स्त्री आरोपी असेल तर तिला संरक्षण नाही, असा एकही शब्द २००५ च्या कायद्यात नाही.

हे कसे घडते ते एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिशीची एक बाई, शेतमजुरी करणारी. नवरा नऊ वर्षे मारीत होता. चार वेळा ती पोलिस ठाण्यात गेली. चारही वेळा अदखलपात्र नोंद, म्हणजे ज्याला सगळे एनसी म्हणतात ती, होऊन तिला समजुतीच्या चार गोष्टी सांगून परत पाठविण्यात आले. एके रात्री त्याने थोरल्या मुलीला ओढीत अंगणात नेले. हिने पाट्यावरचा वरवंटा उचलून मारला. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात मेला. ती तुरुंगात आली तेव्हा धाकटी दोन वर्षांची मुलगी तिच्या कडेवर होती, कारण सहा वर्षांखालील मूल आईजवळ राहू शकते. थोरली मामाकडे गेली. मी तिला भेटले तेव्हा अटकेला चौदा महिने झाले होते. सरकारी खर्चाने मिळालेल्या वकिलांची आणि तिची समोरासमोर भेट एकदाच, तीही न्यायालयाच्या व्हरांड्यात, झालेली. कैदी पार्टी न मिळाल्यामुळे तीन तारखांना तिला नेलेच नव्हते. त्या चार एनसींची गोष्ट तिने कोणास सांगितली नव्हती. का, असे विचारता म्हणाली, ‘‘कुनी इचारलंच न्हाई, बाई. आन् त्ये तर जुनं झालं.’’

त्या जुन्या नोंदींच्या नकला मिळविण्यासाठी मी सात अर्ज लिहिले. त्या आल्या, गावच्या डॉक्टरांची एक जुनी चिठ्ठी सापडली, आणि नव्या वकीलबाईंनी ते सारे न्यायालयापुढे ठेविले. जामीन मंजूर झाला. आता ती घरी जाईल असे मला वाटले. परंतु जामीन मंजूर होणे निराळे आणि जामीनदार मिळणे निराळे. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा किंवा घर आहे असा मनुष्य. तिचा भाऊ होता. बापाच्या जमिनीतला आपला वाटा तिने लग्नानंतर हक्कसोडपत्र करून त्याच्याच नावे करून दिलेला होता. तो भाऊ जामीन राहण्यास आला नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा २००५ सालीच कायद्याने दिला; पण चोळीबांगडीच्या मोबदल्यात तो सोडून देण्याची चाल आपल्याकडे अद्याप सुरू आहे, आणि सोडलेल्या त्या वाट्याची खरी किंमत बाईला तुरुंगाच्या फाटकाशी कळते. मंजूर झालेल्या जामिनावर ती आणखी चार महिने आत राहिली. शेवटी न्यायालयाने जामीनदाराची अट काढून स्वतःच्या मुचलक्यावर तिला सोडले.

या एका हकीकतीत सुधारणेच्या साऱ्या जागा दिसतात. पहिली जागा अटकेच्या दिवसाची. अटक झालेल्या प्रत्येक माणसाची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली झाली पाहिजे, व अंगावरील जखमांची नोंद राहिली पाहिजे, असा कायदाच आहे. त्या तपासणीत ताज्या जखमांबरोबर जुने वण, मोडून वाकडे जुळलेले बोट, भाजल्याचे डाग हेही लिहिले गेले, तर पुढची निम्मी लढाई तेथेच होते. दुसरी जागा वकिलाच्या भेटीची. तुरुंगात जाऊन, निवांत बसून, लग्नाच्या दिवसापासून विचारावे. व्हरांड्यातल्या दोन मिनिटांत नऊ वर्षे सांगून होत नाहीत. तिसरी जागा संरक्षण अधिकाऱ्याची. ज्या बाईचा अर्ज आपल्या दप्तरी आहे ती आत गेली असे कळताच तिने ते दप्तर घेऊन आत जावे, आणि तिची मुले कोठे आहेत हे पाहावे. वडीलधारे तुरुंगात असलेल्या मुलांसाठी आपल्या राज्याची बालसंगोपन योजना आहे, पण तिचा अर्ज तुरुंगातली आई कोणाकडून भरून घेणार? चौथी जागा जामिनाची. गरीब कैद्यांच्या जामिनाची रक्कम भरण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली योजना काढली. तिचा लाभ आपोआप मिळत नाही. कोणीतरी नाव काढून जिल्ह्याच्या समितीपुढे ठेवावे लागते. पाचवी जागा सुटकेनंतरची, आणि तीच सर्वांत ओसाड आहे. नवऱ्याच्या खुनाबद्दल जी दोषी ठरते तिला त्याच्या मिळकतीत वारसा मिळत नाही. खटला चालू असलेलीलाही सासरचे दार बंदच असते, आणि माहेर तर भावाचे. निराधार स्त्रियांच्या सरकारी सदनांत तुरुंगातून सुटलेल्यांनाही जागा आहे खरी, परंतु जेथे जागा आहे तेथपर्यंत तिला नेणारे माणूस हवे.

या पाचही जागांना लागणारे कायदे आधीच झालेले आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. उणीव आहे ती एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत त्या बाईबरोबर चालत जाणाऱ्या माणसाची. असे एक माणूस काय करू शकते याचे दाखले आपल्या महाराष्ट्रातच आहेत. सेवासदनाच्या रमाबाई रानडे पुण्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांच्या भेटीस जात, त्यांच्याशी बोलत बसत. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील १५ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाचजणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेबाईंनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, आणि त्या एका पत्रावरून १९८३ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, त्यांवर स्त्री पोलिस आणि अटकेची खबर विधी साहाय्य समितीस तत्काळ देणे, असे हुकूम झाले. टाटा संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून तुरुंगात व सुटकेनंतर अशा माणसांबरोबर चालत आहे. पण असे उपक्रम थोडे आणि जिल्हे पुष्कळ.

आता आमच्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून हे लिखाण पुरे होणार नाही. कारण उपदेश करणे सोपे असते. ती बाई सुटली तेव्हा तिला कामाची गरज होती. आमच्या धाकट्या जाऊबाई घरीच पोळीभाजीचे डबे करतात. त्यांच्याकडे पोळ्या लाटावयास माणूस हवे होते. मी रात्री जेवणानंतर विषय काढला. आमचे घर बारा माणसांचे. भाऊजींनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. पुतण्याची बायको हळूच म्हणाली, ‘‘मोठ्या काकू, मला तिच्याबद्दल वाईट वाटतं, पण घरात लहान बाळ आहे.’’ जाऊबाई म्हणाल्या, ‘‘ताई, माझं काही नाही हो, पण गिऱ्हाइकांना कळलं तर डबे बंद होतील.’’ यांतील कोणीही दुष्ट नव्हते. प्रत्येकाची भीती खरी होती. स्वयंपाकघरातले सोवळे आमच्याकडून जाऊन दोन पिढ्या झाल्या. पण हे नवे सोवळे त्याहून कडक निघाले.

तेव्हा आमच्या सासूबाई बोलल्या. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. हल्ली त्यांना ऐकू कमी येते असे आम्ही समजतो. त्या म्हणाल्या, ‘‘माझी आत्या विहिरीत पडली नव्हती.’’ आम्ही सारे पाहत राहिलो. या आत्याचे पाणी काढताना पाय घसरून मरण आले, ही गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षे सांगितली जात होती. सासूबाई पुढे म्हणाल्या, ‘‘तिनं आदल्या वर्षी माझ्या वडिलांना पत्र पाठवलं होतं, मला घेऊन जा म्हणून. वडिलांनी ते वाचून देवघरातल्या पोथीत ठेवलं. दिल्या घरी राहावं, असं आई म्हणाली. मी सात वर्षांची होते. ती उडी टाकून वाचली असती, तर आज तुम्ही तिलाही कैदीणच म्हटलं असतंत. त्या बाईला उद्या बोलवा. तिच्या हातची पहिली पोळी मी खाईन.’’

ती दुसऱ्या आठवड्यापासून येऊ लागली. तीन डबे बंद झाले हे लपविण्यात अर्थ नाही. पुढे नवे पाच लागले. पुतण्याच्या बायकोने प्रथम महिनाभर बाळाला माडीवर ठेविले. आता ते बाळ आणि तिची धाकटी मुलगी एका चटईवर खेळतात. थोरली मुलगी अद्याप मामाकडेच आहे आणि आईशी बोलत नाही. खटला चालू आहे. निकाल काय लागेल ते कोणास ठाऊक! त्या निकालात आम्ही ढवळाढवळ करू शकत नाही, करूही नये. निकाल लागेपर्यंत ती माणसासारखी जगू शकेल, एवढे मात्र आमच्या हातात होते.

कोणी विचारील, अशा बायकांना सहानुभूती दाखविल्याने गुन्ह्याला उत्तेजन मिळणार नाही काय? मला याच्या उलट दिसते. चौथ्या एनसीच्या वेळी कोणी तिच्यामागे उभे राहिले असते, तर एक मनुष्य आज जिवंत असता आणि दोन मुलींचा बाप गेला नसता. पीडितेला वेळेवर मिळालेला आधार हा गुन्ह्याचा सर्वांत स्वस्त प्रतिबंध होय. १८६३ साली पुण्यात ज्यांनी दार उघडले त्यांनी आपल्या गृहाच्या नावातच ‘प्रतिबंधक’ हा शब्द घातला होता.

म्हणून वाचकभगिनींना आणि बंधूंना माझे मागणे थोडे आहे. शेजारच्या घरातून रडणे ऐकू आले तर दूरदर्शनचा आवाज वाढवू नये. लेकीने पाठविलेला निरोप, मग तो कागदावर असो की दूरध्वनीवर, पोथीत ठेवू नये. ज्यांना लिहिता वाचता येते आणि दुपारचे दोन तास रिकामे आहेत त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आपले नाव द्यावे; तेथे अर्ज लिहिणारी माणसे नेहमीच कमी असतात. ज्यांच्या नावावर घर आहे त्यांनी, नीट चौकशी करून, एखाद्या निराधार बाईला जामीन राहण्याचा विचार करावा. आणि लग्न होऊन जाणाऱ्या लेकीकडून वा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची पाळी आली, तर सही घेणाऱ्याने एक क्षण थांबून स्वतःला विचारावे की, उद्या हिच्यावर कठीण प्रसंग आला तर हिच्यासाठी उभे राहील असे दुसरे कोण उरते?